डीजे लायब्ररी नव्या लॅपटॉपवर कशी न्यायची (क्यू पॉइंट, प्लेलिस्टसकट) आणि बॅकअप कसा ठेवायचा

नवा लॅपटॉप घेतला, गाण्यांचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला, नव्यात पेस्ट केला, झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग सॉफ्टवेअर उघडलं की गाणी दिसतात पण हॉट क्यू (गाण्यात ठरावीक जागी थेट उडी मारायला आपण लावलेल्या खुणा) नाहीत, हळदीची प्लेलिस्ट रिकामी, बीपीएम (गाण्याचे मिनिटाला किती ठोके) परत ॲनालाइज व्हायला लागलेले, आणि शनिवारी वरात. गाणी काय, परत कुठूनही मिळतील. चार-पाच वर्षं बसून लावलेले क्यू, सरळ केलेले बीटग्रिड (ठोके कुठं पडतात त्याची आखणी), कुठल्या गाण्यानंतर कुठलं चालतं त्याच्या याद्या, हे कुठं डाउनलोडला मिळत नाही. म्हणून ट्रान्सफर करताना गाणी दुय्यम धरा आणि ही मेहनत मुख्य धरा, सगळं सोपं होतं.

हा लेख मुख्यतः विंडोज लॅपटॉप आणि व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स ही डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहे, कारण आपल्याकडं लग्न, हळदी, मिरवणूक करणाऱ्या बहुतेकांकडं हेच असतं. मॅकबद्दल पुढं थोडं लिहिलंय.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंधारात

डीजे सॉफ्टवेअर गाणं स्वतःच्या पोटात ठेवत नाही. ते फक्त लिहून ठेवतं की अमुक गाणं डी ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये या नावानं आहे. हा पाथ एका अक्षरानं बदलला तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं गाणं हरवलं, मग ते तुमच्या डोळ्यासमोर डेस्कटॉपवर पडलेलं असलं तरी.

आणि पाथ बदलतो कसा तर अगदी साध्या गोष्टीनं. जुन्या लॅपटॉपवर युजरचं नाव गणेश होतं, नव्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की विंडोज तुमच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन युजर फोल्डर बनवतं, म्हणजे म्युझिक फोल्डरचा पूर्ण पाथच बदलला. किंवा जुन्यात डी ड्राइव्ह होता आणि नवीन लॅपटॉप एकच सी ड्राइव्ह घेऊन आलाय. किंवा एक्स्टर्नल ड्राइव्ह आधी ई म्हणून यायचा आता एफ म्हणून येतो.

यावर माझं मत सरळ आहे: गाणी सी ड्राइव्हच्या युजर फोल्डरमध्ये ठेवूच नका. एकतर नव्या लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी श्रिंक (लहान) करून मोकळ्या जागेत जुन्यासारखाच डी बनवा, नाहीतर सगळी गाणी एका एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवा आणि त्याला तिथूनच एक ठरलेलं अक्षर द्या. एम घ्या, म्युझिकचा एम, मधलंच अक्षर असल्यानं दुसरा कुठला पेनड्राइव्ह सहसा ते पकडत नाही. हे अक्षर प्रत्येक लॅपटॉपवर एकदा सेट करावं लागतं, मग तो लक्षात ठेवतो. ज्यांची गाणी आधीपासून डीवर आहेत त्यांनी मात्र आत्ता एम वगैरेच्या नादाला लागू नका, नव्यातही डीच ठेवा.

कधी करायचं

सीझनमध्ये अजिबात नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात, तेव्हापासून दहीहंडीपर्यंत चांगला वेळ असतो. गणपतीपर्यंत ज्यांना उसंत मिळत नाही त्यांच्यासाठी पितृपक्ष आहेच, कोणी बुकिंग देत नाही, घटस्थापनेच्या आधी पंधरा दिवस निवांत मिळतात. कॉपी एका रात्रीत होते पण चुका लक्षात यायला आठवडा लागतो, म्हणून मधे वेळ पाहिजे.

किती जागा लागेल, किती वेळ लागेल

३२० केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी खातं, म्हणजे चार मिनिटांचं गाणं साधारण १० एमबी. दहा हजार गाणी म्हणजे १०० जीबीच्या आसपास. वेव्ह फाइल असेल तर मिनिटाला १० एमबीच्या वर, चौपटीपेक्षा जास्त. व्हिडिओ वाजवत असाल तर हिशोबच वेगळा, प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या.

यूएसबी २ पोर्टवर खरा स्पीड सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतो, १०० जीबीला तासभर. यूएसबी ३ ला चांगला एसएसडी असेल तर चहा पिऊन येईपर्यंत होतं. जुन्या लॅपटॉपला दोन्ही पोर्ट असतात आणि आपण नेमकं स्लो वाल्यात लावतो, तर निळा किंवा एसएस लिहिलेला पोर्ट शोधा.

ड्राइव्ह घेताना एक सांगतो, ऑनलाइन काही शे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो तो घेऊ नका. आत खरी जागा थोडीच असते, पुढचा डेटा लिहिल्यासारखा दाखवतो आणि कचरा करतो. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ खातं पण खरं खोटं कळतं.

कॉपी करायच्या आधी जुन्या लॅपटॉपवर

लायब्ररी आवरायला बसू नका. हा मोह प्रत्येकाला होतो, चला आता नवीन लॅपटॉप आहे तर फोल्डर नीट करू, नावं सुधारू, डुप्लिकेट उडवू. फाइलचं नाव बदललं की पाथ बदलला. जशीच्या तशी न्या, चालते का बघा, मग नव्यात सावकाश आवरा, आणि तेही डीजे सॉफ्टवेअरच्या आतून. बाहेरचे डुप्लिकेट क्लीनर तर मुळीच नको, त्यांना माहीत नसतं की दोन कॉपीपैकी क्यू कुठल्या कॉपीवर आहेत.

सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपवर तेच किंवा त्यापुढचं टाका, मागचं नको, कारण नव्या व्हर्जनचा डेटाबेस (सॉफ्टवेअरची नोंदवही) जुन्याला वाचता येईलच असं नाही.

गाणी नक्की कुठं कुठं आहेत ते शोधा. मेन फोल्डर डीवर असतो पण ऐनवेळी व्हॉट्सॲपवर आलेलं नवरदेवाच्या मामाच्या फर्माइशीचं गाणं डाउनलोड्समध्येच वाजवलेलं असतं आणि तिथंच राहतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळी गाणी दाखवून लोकेशनच्या कॉलमनं सॉर्ट करा, लगेच दिसतं.

वनड्राइव्ह चेक करा, हे फार महत्त्वाचं. विंडोज आजकाल डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप वगैरे फोल्डर वनड्राइव्हमध्ये घालायला बघतं, आणि मग फाइल दिसते पण लॅपटॉपवर नसते, नावाशेजारी छोटा ढग असतो. अशी फाइल मंडपात नेट नसताना लोडच होणार नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइल कायम या डिव्हाइसवर ठेवायचा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मगच पुढं जा.

शेवटी डीजे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. उघड्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस कॉपी केला तर अर्धवट फाइल यायची शक्यता असते.

गाणी कॉपी करणं

साधं कॉपी पेस्ट चालतं पण मधे एक फाइल अडली की विंडोज प्रश्न विचारून बसतं आणि तुम्ही झोपलेले असता. त्यापेक्षा टेराकॉपी वापरा, कॉपीनंतर व्हेरिफाय करतो, कुठली फाइल खराब आली ते सांगतो. किंवा फ्रीफाइलसिंक, ते पुढं बॅकअपला पण लागणार आहे तर आत्ताच शिकून घ्या. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवा. साइझ ऑन डिस्क नाही बघायचं, ते ड्राइव्हप्रमाणे बदलतं, नुसती साइझ बघायची. संख्या कमी आली तर बहुतेक वेळा लांबलचक नावं कारणीभूत असतात. आपल्याकडच्या रिमिक्सच्या फाइलचं नाव म्हणजे गाण्याचं नाव, डीजेचं नाव, वेबसाइटचं नाव, गावाचं नाव सगळं एकात, आणि फोल्डरात फोल्डर धरून पाथ २६० अक्षरांच्या वर गेला की विंडोजचे जुने प्रोग्रॅम अडखळतात.

लॅपटॉप चालूच होत नाही त्यांनी लगेच निराश होऊ नका, बऱ्याचदा बोर्ड जातो पण एसएसडी ठीक असतो. तो काढून यूएसबी एन्क्लोजरमध्ये घातला की एक्स्टर्नल ड्राइव्हसारखा वाचता येतो. फक्त ड्राइव्ह बिटलॉकरनं (विंडोजचं कुलूप) एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी की मागेल, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. ज्यांचा लॅपटॉप अजून चालू आहे त्यांनी ती आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

व्हर्च्युअल डीजे

यात क्यू, बीपीएम, किती वेळा वाजवलं हे सगळं डेटाबेस नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतं. ही फाइल एक नसते, इथं भले भले फसतात. सी ड्राइव्हवरच्या गाण्यांची माहिती व्हर्च्युअल डीजेच्या मेन फोल्डरमध्ये, आणि डी किंवा एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्या गाण्यांची माहिती त्या त्या ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या व्हर्च्युअल डीजे नावाच्या फोल्डरमध्ये. माणूस डीवरचा गाण्यांचा फोल्डर उचलतो आणि शेजारचा हा छोटासा फोल्डर तिथंच सोडून येतो. सगळे क्यू त्यातच असतात.

मेन फोल्डर जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये डॉक्युमेंट्समध्ये सापडतो, नव्या व्हर्जनमध्ये युजर फोल्डरच्या ॲपडेटामध्ये लोकल म्हणून फोल्डर आहे त्यात. ॲपडेटा लपलेला असतो, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करा. हा पूर्ण फोल्डर उचला, कारण प्लेलिस्ट, सॅम्पलर, पॅड, कंट्रोलरचं मॅपिंग, स्किन सगळं यातच आहे. तो हॉर्न आणि सायरनचा सॅम्पल बँक राहिला तर मिरवणुकीत पोरं विचारतात.

नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाका, एकदा उघडून बंद करा म्हणजे फोल्डर तयार होतात, मग त्यावर जुना मेन फोल्डर टाका आणि डीचा फोल्डर डीच्या मुळाशी ठेवा. उघडल्यावर मोठा फोल्डर लगेच ॲनालाइजला लावू नका, आधी चार गाणी लोड करून क्यू दिसतात का बघा.

सेराटो

सेराटोची एक गोष्ट मला आवडते, क्यू, लूप आणि बीटग्रिड हे गाण्याच्या फाइलच्या टॅगमध्येच (फाइलच्या आतल्या माहितीच्या जागेत) लिहिलं जातं. म्हणजे फाइल गेली तिथं क्यू पण गेले. याचा उलटा अर्थ पण लक्षात घ्या, तेच गाणं तुम्ही परत डाउनलोड करून जुन्यावर ओव्हरराइट केलं तर क्यू गेले. आणि गाण्यांचा बॅकअप एकदा घेतला म्हणजे झालं असं नाही, नवीन क्यू लावला की फाइल बदलते, बॅकअपमधली जुनीच राहते.

क्रेट (सेराटोतल्या गाण्यांच्या याद्या) मात्र वेगळे असतात, ते _सेराटो_ नावाच्या फोल्डरमध्ये. मेन फोल्डर युजरच्या म्युझिक फोल्डरमध्ये आणि शिवाय प्रत्येक दुसऱ्या ड्राइव्हच्या मुळाशी एकेक, व्हर्च्युअल डीजेसारखंच. दोन्ही न्यायचे. नव्यात ठेवताना तिथं आधीच रिकामा _सेराटो_ बनलेला असेल तर त्याचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि मग तुमचा ठेवा, दोन्ही मिसळू नका.

गाणी हरवलेली दाखवली तर फाइल्स पॅनल उघडा, तिथं रिलोकेट लॉस्ट फाइल्स बटण आहे. नुसतं बटण दाबलं तर सगळे ड्राइव्ह धुंडाळत बसतो, त्याऐवजी गाण्यांचा फोल्डर ओढून त्या बटणावर टाका, तेवढ्यातच शोधतो. तो फाइलच्या नावावरून जुळवतो, त्यामुळं तुमच्याकडं ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशा नावाच्या फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर भलतंच गाणं जोडलं जाऊ शकतं.

रेकॉर्डबॉक्स

इथं हातानं फोल्डर शोधायची गरज नाही. फाइल मेनूत लायब्ररी, त्यात बॅकअप लायब्ररी. गाणी पण बॅकअपमध्ये घ्यायची का विचारेल, तिथं मी तरी नाही म्हणतो, गाणी आपण वेगळी कॉपी केलीच आहेत, दोन्ही एकत्र केलं की भलंमोठं प्रकरण तयार होतं. ती बॅकअप फाइल नव्या लॅपटॉपवर न्या आणि त्याच मेनूतून रिस्टोअर करा. रिस्टोअर केलं की नव्यावर आधी जे काही असेल ते जाऊन जुनं येतं, मिसळत नाही, तर नव्यात आधीच काम सुरू केलं असेल तर थांबा.

गाण्यांपुढं उद्गारचिन्ह आलं म्हणजे पाथ जुळला नाही. इथं एकच गोष्ट करायची नाही: ती गाणी डिलीट करून फोल्डर परत ड्रॅग करायचा नाही. तसं केलं की क्यू आणि प्लेलिस्टमधली जागा दोन्ही गेलं, ते परत येत नाही. फाइल मेनूत डिस्प्ले ऑल मिसिंग फाइल्स आहे, तिथून रिलोकेट करा, क्यू जसेच्या तसे राहतात.

याशिवाय कलेक्शन एक्सएमएल म्हणून एक्स्पोर्ट करायची सोय आहे, ती पण एक फाइल काढून ठेवा. प्लेलिस्ट, क्यू, ग्रिड त्यात येतात आणि उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जायचं ठरलं तर ती उपयोगी पडते. लेक्सिकॉनसारखे प्रोग्रॅम एका सॉफ्टवेअरची लायब्ररी दुसऱ्यात बदलून देतात, पण ट्रान्सफर आणि कन्व्हर्जन एकाच दिवशी करू नका, गडबड झाली तर कुठं झाली ते कळणार नाही.

सीडीजेवर (पेनड्राइव्ह लावून वाजवायचं प्लेअर मशिन) वाजवणाऱ्यांनी पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवा, जुनी मशिन्स एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचत नाहीत.

ट्रॅक्टर नावाचं डीजे सॉफ्टवेअर वापरणारे थोडे आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: डॉक्युमेंट्समध्ये नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या फोल्डरमध्ये कलेक्शन नावाची एनएमएल फाइल असते, सगळी लायब्ररी तीच.

मॅक असेल तर

मॅकवरून मॅकवर जाताना मायग्रेशन असिस्टंट वापरा आणि युजरचं नाव तेच ठेवा, बहुतेक काही तुटत नाही. विंडोजवरून मॅकवर मात्र पाथची पद्धतच वेगळी, तिथं रिलोकेट करावंच लागतं. मॅक एनटीएफएस ड्राइव्ह वाचतो पण त्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्हीकडं वापरायचा ड्राइव्ह एक्सफॅट करा. एक्सफॅटवाला ड्राइव्ह इजेक्ट न करता उपटला तर डेटा खराब व्हायची भीती जास्त असते. शो संपल्यावर जनरेटरवाला घाई करतो, तरीही इजेक्ट करूनच काढा.

आता तपासणी

नेट बंद करा. हो, मुद्दाम बंद करा, कारण लॉनवर किंवा गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात रेंज नसते आणि लायसन्स लॉगिन तिथंच मागितलं जातं. कंट्रोलर लावा, ड्रायव्हर टाकला का बघा, प्रत्येक मोठ्या प्लेलिस्टमधून चार-पाच गाणी लोड करा, हॉट क्यू दाबा, हेडफोनमध्ये क्यू ऐका, तासभर सलग वाजवा. आवाज तुटत असेल तर ऑडिओ बफर थोडा वाढवा आणि विंडोजचा पॉवर मोड हाय करा. स्ट्रीमिंगवरची गाणी वापरत असाल तर ती फाइल म्हणून कुठंच नसतात, नव्यात परत लॉगिन करावं लागतं आणि त्यांचा बॅकअप असा काही होत नाही.

बॅकअप

एक्स्टर्नल ड्राइव्हवर गाणी ठेवली म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे खूप आहेत. गाणी जर फक्त त्याच ड्राइव्हवर असतील तर ती एकच कॉपी आहे, बॅकअप शून्य. जुना नियम आहे तीन-दोन-एकचा: तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ड्राइव्हवर, एक घराबाहेर. आपल्या धंद्यात तो असा बसतो:

पहिली कॉपी वाजवायची, लॅपटॉपमध्ये किंवा गिगच्या एसएसडीवर. टेम्पोत बेसच्या शेजारी आत चकती फिरणारी हार्ड डिस्क ठेवू नका, हादऱ्यानं वाचणं अडखळतं, तिथं एसएसडीच पाहिजे.

दुसरी घरी कपाटात, साधी हार्ड डिस्क चालेल, स्वस्त पडते. शोला न्यायची नाही आणि कायम लॅपटॉपला लावून पण ठेवायची नाही, व्हायरस आला तर दोन्ही जातात. क्रॅक सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

तिसरी दुसऱ्याच घरात, भावाकडं, मित्राकडं, गावी. महिन्या दोन महिन्यांनी अदलाबदल करायची. सगळी गाणी क्लाउडवर चढवायची म्हणाल तर १०० जीबीला २० एमबीपीएस अपलोडवर अकरा तासांच्या वर लागतात आणि जागेचे पैसे वेगळे. पण डेटाबेस, क्रेट, रेकॉर्डबॉक्सची गाण्यांशिवायची बॅकअप फाइल एवढंच झिप करून टाकलं तर गुगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत आरामात बसतं. झिपच्या नावात तारीख घाला आणि आधीची लगेच उडवू नका, कारण डेटाबेस खराब झालेला कधीकधी दोन आठवड्यांनी कळतो.

व्हर्च्युअल डीजे आणि सेराटो स्वतःहून बॅकअप घेतात ते खरं, सेराटो बंद करताना विचारतो पण. त्याला हो म्हणा. पण तो बॅकअप त्याच ड्राइव्हवर पडतो आणि त्यात गाणी नसतात, त्यामुळं त्याच्यावर विसंबून राहू नका.

रोजच्या कामाला फ्रीफाइलसिंक. डाव्या बाजूला तुमचा गाण्यांचा फोल्डर, उजव्या बाजूला बॅकअप ड्राइव्ह, खाली अजून एक जोडी वाढवून डेटाबेसचे फोल्डर पण घाला. मिरर मोड निवडला तर डावीकडचं जसंच्या तसं उजवीकडं होतं, म्हणजे डावीकडं चुकून डिलीट केलेलं उजवीकडंही डिलीट होतं. म्हणून सेटिंगमध्ये व्हर्जनिंग चालू करून वेगळा फोल्डर द्या, मग उडवलेल्या आणि बदललेल्या फाइल्स तिथं जाऊन पडतात. सिंक दाबायच्या आधी कम्पेअर दाबा आणि यादी बघा. आठवड्यात दहा नवीन गाणी घातलीत आणि तो दोन हजार फाइल्स डिलीट करतो म्हणतोय तर काहीतरी चुकलंय, बहुतेक ड्राइव्हचं अक्षर बदललंय, तिथंच थांबा.

शिवाय खिशात एक पेनड्राइव्ह, त्यात हळदी, वरात, आरती, स्लो, जेवणाचं इन्स्ट्रुमेंटल अशी दोनेकशे गाणी साधी एमपीथ्री, आणि फोनमध्ये तीच गाणी, सोबत फोनवरून मिक्सरला जाणारी केबल. लॅपटॉप बंद पडला तरी वरात थांबत नसते, नवरदेव घोड्यावर असतो.

जुन्या लॅपटॉपचं काय

लगेच विकू नका, फॉरमॅट पण नका करू. दोन-तीन कार्यक्रम नव्यावर नीट पार पडू द्या, तोपर्यंत जुना बॅगेत स्पेअर म्हणून ठेवा. फक्त त्यावर नवीन क्यू किंवा प्लेलिस्ट करू नका, नाहीतर दोन वेगळ्या लायब्ररी होतात आणि त्या एकत्र करणं म्हणजे डोक्याला ताप. मग विकायचा झाला की आधी सेराटो, रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअल डीजे सगळ्या अकाउंटमधून लॉगआउट करा, डाउनलोड्स फोल्डर शेवटचा एकदा उघडून बघा, आणि विंडोजच्या रिसेटमध्ये सगळं काढून ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय निवडा.